ब्रश लागला

"पिवळा दगड कुठे थांबला गं?" इशबेलने समालोचनाच्या माइकवर तळहात दाबून मला विचारलं.

मी टेबलाखाली तिच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. दोन म्हणजे वर्तुळाची डावी कड, अर्धा आत. तिने माइकवरचा हात काढला आणि साऱ्या स्कॉटलंडला सांगितलं, "डावीकडे उंबऱ्यावर उभा आहे पिवळा. दार उघडं आहे, पण आत यायला लाजतोय."

माझ्या कानातल्या यंत्रात आमचा निर्माता कॅलम खुदकन हसला. त्याच्या केबिनमध्ये दहा पडदे आहेत, पण त्याला अजून पत्ता नव्हता.

इशबेल रँकिनच्या डोळ्यांचं मधलं दिसणं दोन वर्षांपूर्वी गेलं. कडा तेवढ्या राहिल्या. त्यामुळे ती जिना नीट चढते, चहा कपातच ओतते आणि कोणाला संशय येत नाही. पण जिथे बघायचं, नेमकं तिथेच धुकं. हे परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ही गोष्ट तिला, डॉक्टरांना आणि मला माहीत होती. चौथा तिचा कुत्रा, आणि तो बोलणाऱ्यातला नव्हता.

"चॅनलला सांगून टाक," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"सांगते की. मग काय करतील? एक पुष्पगुच्छ देतील आणि टॅक्सीत बसवतील. नेटा, मेंढ्या विकल्या, माझा रॉबर्ट गेला. एवढं बोलणं उरलंय माझं. तेही गेलं तर कोण जिंकलं हे मी काय भिंतींना सांगत बसू?"

मी तिच्या शेजारी येऊन बसले. आकडेवारी सांगणारी म्हणून माझं नाव पडद्यावर येतं. खरं म्हणजे जे जन्मभर केलं तेच मी करते. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत वर्तुळाच्या मध्याशी नेण्याच्या खेळात, ती आमची कर्णधार होती आणि मी, दगड लांब जावा म्हणून, त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावणारी. आता धावावं लागत नाही, हा एक फायदा.

थांबलेले दगड मी सांगायचे. चालता दगड मात्र तिचा तिला कळायचा, आणि तो कसा कळतो हे मला आजतागायत समजलेलं नाही. बर्फाखालच्या माइकचा आवाज आम्हा दोघींच्या कानात येतो. मला नुसती घरघर ऐकू येते. ती म्हणायची, "वेग असला की दगड गातो. दमला की घोगरा होतो. त्यात अवघड काय आहे?" अवघड काय, म्हणे! देशासाठी खेळलेले किती जण त्या बर्फावर आयुष्य काढून गेले, पण हे दुसऱ्या कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

डोळे शाबूत होते तेव्हाही तिचं असंच होतं. वडिलांच्या टेकडीवर मेंढ्यांना हाका मारून आवाज कमावलेला. ती "घासा!" म्हणून ओरडली की शेजारच्या पट्टीवरच्या बायकासुद्धा दचकून घासायला लागायच्या. कॅनडात जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझा दगड सुटला, आणि पलीकडच्या टोकाला आमची कर्णधार डोळे मिटून उभी! मी मनात म्हटलं, ही बया झोपली की काय? दगड अर्ध्यावर असतानाच ती म्हणाली, "आला." आणि तो आला. पुढे रौप्यपदक मिळालं. ते माझ्या भावजयीच्या कपाटात कुठेतरी असेल. मिटलेले डोळे मात्र मला काल पाहिल्यासारखे आठवतात.

तर त्या रविवारी राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. बरोबरी झालेली, आणि शेवटचा एकच दगड उरलेला. तो लाल संघाच्या मॉर्व्हेन टलॉकचा. रोना बेअर्डच्या पिवळ्यापेक्षा तो मध्याच्या जवळ बसला तर विजेतेपद मॉर्व्हेनचं, नाहीतर रोनाचं. आमच्या खोलीतला हीटर नेहमीप्रमाणे बंद होता. आम्ही दोघी हातमोजे घालून बसलो होतो.

"सुटला लाल," इशबेल म्हणाली. डोळे मिटलेले. "जरा हळू आहे. घासतायत पोरी. घासा गं... दमतोय. दमतोय. नाही, पुरेल. पु..."

आणि ती मधेच थांबली.

दगड सरकत सरकत बरोबर मध्यावर येऊन बसला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कॅलम कानात ओरडला, "इशबेल, बोला! अहो, बोला ना!"

मी तिच्या मनगटावर पाच टिचक्या मारल्या. पाच म्हणजे मध्य. ती गप्प. पुन्हा पाच मारल्या. आता सगळं उघडं पडणार, तेही अंतिम सामन्यात, अख्ख्या देशासमोर. काहीतरी सावरून घ्यावं म्हणून मी माइककडे वाकले, तर तिने माझा हात घट्ट धरला आणि माइक झाकला.

"थांब. ती पोर काय करते ते बघ."

"कुठली पोर?"

"डावीकडून घासणारी."

मी पाहिलं. मॉर्व्हेनला बाकीच्या मिठ्या मारत होत्या. एफी नावाची ती पोर, विशीचीसुद्धा नसेल, ब्रश छातीशी धरून एकटीच उभी होती. मग तिने हात वर केला.

"लागला," तिच्या गळ्यातल्या माइकवरून ऐकू आलं. "माझा ब्रश दगडाला लागला."

"काय बोलतेस? कधी?" मॉर्व्हेनचा आवाज फाटला.

"वर्तुळात शिरताना. जरासाच."

"जरासाच ना?"

"मॉर्व्हेन, लागला तो लागला."

आमच्या खेळात हे पंचाने पकडायचं नसतं. ज्याचा लागतो, त्याने सांगायचं. बुटाची नाडी बांधायला शिकायच्या आधी आम्हाला हे शिकवतात. पण रिकाम्या रिंकवर सांगणं वेगळं, आणि सगळं सभागृह तुमच्या नावाने टाळ्या पिटत असताना सांगणं वेगळं.

ब्रश लागलेला दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरच्या कर्णधाराने ठरवायचं. आता निर्णय रोनाचा होता. ती त्या लाल दगडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने तो बाजूला सारला. नियमाने तिचा हक्कच होता. मॉर्व्हेनने हातमोजा काढला, रोनापुढे हात केला आणि मग एफीच्या गळ्यात हात टाकून तिला जवळ ओढलं.

इशबेलने माइक उघडला. "ब्रश लागला आणि तिने सांगितलं," ती म्हणाली. "यावर मी काय बोलू?" आणि खरंच ती बोलली नाही. घरोघरी लोकांनी नुसत्या टाळ्या ऐकल्या.

प्रक्षेपण संपलं तसा कॅलम धावत वर आला. डोक्यावर लोकरीची टोपी, चेहरा लाल.

"सगळे कॅमेरे लावून बघितले. एकातही दिसत नाही! आणि पोरीने हात वर करायच्या आधीच तुम्ही थांबला होतात. तुम्हाला दिसलं कसं?"

"अरे, अनुभव असतो," मी घाईने म्हटलं. "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून बघतोय आम्ही."

"कमाल आहे बुवा तुमची," तो म्हणाला. त्याला ते पटलं होतं. पुढचा हंगामही निघाला असता.

आमच्या खिडकीच्या काचेतून दिसलं, खाली रोनाच्या बायका हरलेल्यांसाठी पेले घेऊन आल्या होत्या. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, रिवाजच आहे तसा. पहिला पेला त्यांनी एफीच्या हातात दिला. तिकडून हसण्याचा आवाज आला. इशबेलने त्या दिशेला कान केला.

"पुरे, नेटा," ती म्हणाली. "मला दिसलं नाही, कॅलम. ब्रशचा आवाज आला, टक् असा. मला दिसतच नाही. दोन वर्षं झाली."

कॅलमने माझ्याकडे बघितलं, मग तिच्यासमोरच्या पडद्याकडे.

"मग हे एवढे सामने... तुम्ही..."

"कानांनी. आणि नेटाच्या बोटांनी."

तो खुर्चीच्या पाठीला धरून तसाच उभा राहिला. "कोणाला कळलंसुद्धा नसतं," तो हळूच म्हणाला.

"त्या पोरीचंही कळलं नसतं."

इशबेलने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. वायर नीट गुंडाळली. मग उजव्या हातातला मोजा काढला आणि हात पुढे केला. डाव संपला की आम्ही करतो तसाच, हरणाऱ्याने आधी.

पण कॅलम जरा डावीकडे उभा होता. तिचा हात कोट अडकवायच्या खुंटीकडे गेला. तो धरून वळवावा म्हणून माझा हात आपोआप उचलला गेला. त्याआधीच कॅलमने डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली, एक पाऊल सरकून तो तिच्या हातासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.