सातवा सुरुंग

पाणी भरायची पाळी ख्रिस्ती वस्तीची होती, एवढंच किशनराव म्हणाला होता. मुकादम साहेबरावाने हातातली पहार आडवी फिरवली आणि ती किशनरावाच्या उजव्या डोळ्यावर बसली. तो घागरींवर कोसळला. पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत साहेबरावाच्या दोन गड्यांनी लाथा घातल्या. फुटलेल्या घागरीतलं पाणी रक्तात मिसळून विहिरीच्या काठावरून परत आत गळत राहिलं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. अहमदपूरकडच्या त्या गावात एकाच विहिरीला पाणी होतं, तेही वाटीवाटीने भरावं लागे. किशनरावाला मार बसताना बाराजणांनी पाहिलं. पण गावात काम देणारा साहेबरावच, म्हणून पोलिसांपुढे एकाचंही तोंड उघडलं नाही. नांदेडच्या दवाखान्यात किशनरावाचा डोळा काढावा लागला.

त्याचा धाकटा भाऊ व्यंकटी विहिरींना सुरुंग लावायचं काम करी. पंचक्रोशीत ते काम येणारा तो एकटाच. भावाच्या डोळ्याच्या जागी बांधलेला बोळा त्याने पाहिला आणि दवाखान्यातच ठरवलं की साहेबरावाला जिवंत ठेवायचं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की वस्तीच्या चर्चमध्ये दुरडी फिरते. दुरडीत बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. जो तो एक उचलतो आणि वर्षभर जपतो. कुणी त्या चिठ्ठीवर मुलीचं लग्न ठरवतो, कुणी बैल विकायचा की नाही ते. व्यंकटीच्या चिठ्ठीत होतं, ‘तुझ्याशी झगडणाऱ्याशी मी झगडेन.’ तो तडक कमलम्माच्या घरी गेला. कमलम्मा म्हणजे संडेस्कूलच्या बाई. वस्तीतली तीन पिढ्यांची लेकरं त्यांच्या हाताखालून गेली होती, व्यंकटीसुद्धा.

“अम्मा, देवानं कौल दिला.”

“कौल? कोणत्या देवळात गेलतास रे?” कमलम्मा ज्वारी पाखडत होत्या.

त्याने चिठ्ठी पुढे केली.

“वाच. पहिलीतल्यावाणी बोट ठिवून वाच. झगडणार कोण?”

“देव.”

“मग तुझं काय काम त्यात?”

“देव माझ्या हातानं झगडंल.”

कमलम्मांनी सूप बाजूला ठेवलं. “ही चिठ्ठी मीच लिवली, व्यंकटी. साठ चिठ्ठ्या लिवल्या, घड्या घातल्या, त्यातली एक तुझ्या हाताला लागली. ती धीर धरायला हाय. कुणाचं मुंडकं उडवायला न्हाई.”

“मग माणसानं ठरवावं कसं?”

“लेकरांना काय सांगते मी? जे करायचं मनात हाय, ते रविवारी चटईवरच्या सगळ्या लेकरांपुढं उभं राहून मोठ्यानं सांगता येतंय का बघा. येत नसंल तर थांबा. प्रार्थना करा. शाण्या माणसाला इचारा. लई सोपं हाय सांगायला.”

“डोळा तुमच्या भावाचा न्हाई गेला, अम्मा.”

कमलम्मा म्हणाल्या, “न्हाई गेला.” आणि पुन्हा सूप उचललं.

व्यंकटीने चिठ्ठी खिशात घातली.

मार्चमध्ये निरोप आला की गुरुवारी दुपारी लातूरहून साहेब लोक विहिरीचं काम पाहायला येणार. तोवर तीही विहीर आटली होती, म्हणून त्याआधी ती खोल करून पाणी दाखवायचं होतं. साहेबरावाने व्यंकटीला बोलावलं.

“भावाचं भावापाशी,” तो म्हणाला. “तू आपला सुरुंग लाव. लावतोस का दुसरा बघू?”

“दुसरा हाय कुठं? लावतो.” हे बोलताना व्यंकटीचा हात खिशावर होता.

गुरुवारी सकाळी विहिरीच्या तळाशी सात भोकं तयार होती. प्रत्येकात त्याने दारूच्या कांड्या दाबल्या आणि वाती सोडल्या. वाती कमी-जास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. विहिरीत आवाज घुमतो, दुसऱ्याला एकाचे दोन वाटतात. म्हणून मोजायचं सुरुंगवाल्यानेच. सगळे उडाले की तो आकडा ओरडतो आणि मगच माणसं उतरतात. एक जरी कमी भरला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी काठावर फिरकायचं नाही. व्यंकटीचा उस्ताद गुरुलिंग एकदा पाच उडालेले असताना सहा समजून उतरला होता. त्याला पोत्यात भरून घरी आणावं लागलं. पोतं व्यंकटीनेच धरलं होतं.

वाती पेटवून व्यंकटी वर आला आणि दगडांच्या ढिगामागे बसला. पहिला उडाला. दुसरा, तिसरा. दगड वर उसळून काठावर आदळत होते. चौथा, पाचवा. सहावा.

मग काहीच नाही. धूर तेवढा वर येत होता.

“झाले का रे सात?” साहेबराव आडोशातून काठावर येऊन ओरडला.

नवं पाणी लागलं की पहिली ओंजळ आपली, हा साहेबरावाचा हट्ट सगळ्या गावाला माहीत होता. तो एकटाच आधी उतरणार होता. ‘सात’ म्हटलं की काम झालं. दोन एकदम उडाल्यासारखे वाटले, असं नंतर सांगता आलं असतं. तेही कोणी विचारलं नसतं. ना कुऱ्हाड, ना फाशी. व्यंकटीला वाटलं, हेच ते. देवाने वैरी हातात आणून दिला.

त्याने तोंड उघडलं, आणि कमलम्माची चटई डोळ्यांपुढे आली. मांडी घालून बसलेली वीस-बावीस लेकरं. काका, किती उडाले होते?

“सहा!” तो ओरडला. “सहाच उडाले! कुणी उतरू नका!”

साहेबराव हसला. “अस्सं. साहेब यायच्या टायमाला सहा व्हय? भावाचा हिशेब असा चुकता करतोस का रे?”

“मुकादम, आईची आण, एक आत हाय!”

“मी सात मोजले!” असं म्हणून साहेबराव पायऱ्या उतरू लागला.

व्यंकटी पळाला. ढिगापासून विहिरीपर्यंत वीस पावलं होती. तेवढ्यात तो दोनदा पडला. खाली अर्ध्या पायऱ्यांवर त्याने साहेबरावाची मान मागून धरली. साहेबरावाने वळून त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दोन दात तुटून घशात गेले. व्यंकटीने मान सोडली नाही. साहेबराव त्याला कोपरांनी हाणत होता, शिव्या देत होता, आणि व्यंकटी त्याला गुरासारखा वर ओढत होता. खालून सुस्स असा बारीक आवाज आला. तो दोघांनीही ऐकला. साहेबरावाची शिवी अर्ध्यावर तुटली.

सातवा उडाला.

धूर विरल्यावर लोक धावले. साहेबरावाचा डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. व्यंकटीच्या डाव्या हाताची दोन बोटं पायरीवर राहिली होती.

दुपारी आलेल्या साहेबांच्या जीपमधून दोघांना अहमदपूरला नेलं. मागच्या फळीवर दोघं शेजारी निजले होते आणि खाली एकच रक्त साचत होतं.

“व्यंकटी,” साहेबराव दातांवर दात दाबून म्हणाला, “सात म्हणला असतास तर?”

“तर तुमी मेला असता.”

“अन् तू सुटला असतास.”

“न्हाई,” व्यंकटी म्हणाला. तोंडात साचलेलं रक्त त्याने बाहेर थुंकलं.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा साहेबरावाने सुरुंगाची हकीकत सांगितली. किशनरावाच्या डोळ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

घरी किशनराव वाट पाहत होता. “मला काणा केला त्यानं. तुझ्या नुसत्या गप्प बसण्यानं मेला असता. गप्प बसायला काय जातंय?”

“गप्प बसायचं नव्हतं, दादा. सात म्हणायचं व्हतं. खोटं.”

“म्हणायचं मग!” किशनरावाने तांब्या फेकून मारला. तो व्यंकटीच्या बांधलेल्या हाताला लागला आणि पट्टी पुन्हा लाल झाली. त्यानंतर तीन आठवडे किशनराव त्याच्याशी बोलला नाही.

चौथ्या रविवारी कमलम्मांनी व्यंकटीला लेकरांपुढे उभं केलं. “सांग. मोठ्यानं सांग.”

त्याने सगळं सांगितलं. दादाचा डोळा, खिशातली चिठ्ठी, मनात आलेला खून, काही लपवलं नाही. लेकरं श्वास रोखून ऐकत होती. किशनराव दाराबाहेर ओट्यावर आत पाठ करून बसला होता. मंडळीत, चर्चच्या उपासनेला, यायचं त्याने सोडलं होतं. त्या दिवशी का आला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

“मग मुकादम काठावरून म्हणाला, झाले का रे सात?” व्यंकटी म्हणाला आणि अडकला.

“मग तुमी काय म्हणला, काका?” पुढच्या रांगेतली पंचफुला म्हणाली. “किती उडाले व्हते?”

व्यंकटी दाराबाहेर, दादाच्या पाठीकडे बघत राहिला. लेकरं एकमेकांकडे बघू लागली.

“सहा,” ओट्यावरून किशनराव म्हणाला. तोंड त्याने वळवलं नाही. “सहाच उडाले व्हते.”