पुंगळीच्या खांद्यावरचा खळगा

"हीसुद्धा चेपली!" असं म्हणत ऑर्विल ट्वेटने काडतुसाची पितळी पुंगळी हातप्रेसमधून काढून दिव्यापाशी धरली. पुंगळीची मान नीट सरळ आली होती, पण मानेखालच्या उतरत्या खांद्यावर कुणी बोट दाबल्यासारखा खळगा पडला होता. सकाळपासून हेच चाललं होतं. त्याने ती रद्दीच्या डब्यात टाकली आणि डब्याकडे असं पाहिलं, की जणू सगळी चूक डब्याचीच.

"बाबांच्या बंदुकीचाच दोष असणार," मागे स्टुलावर कॉफी पीत बसलेली डार्ला केस्टर म्हणाली. "ते तरी आयुष्यात कुणाच्या मापात बसले?"

डार्लाचा बाप गेल्या वसंतात गेला आणि मागे ही जुनी बंदूक ठेवून गेला. तिच्या मापाची काडतुसं कारखान्यांनी बनवणं केव्हाच सोडलं होतं. मग दुसऱ्या, लांब मापाच्या रिकाम्या पुंगळ्या घ्यायच्या, पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून त्यांची मान बारीक करायची, खांदा मागे ढकलायचा, वाढीव मान कापायची आणि त्यांतून नव्या मापाची पुंगळी घडवायची. उद्या सकाळी शिकारीचा हंगाम सुरू होत होता आणि डार्लाला बापाचीच बंदूक घेऊन डोंगरात जायचं होतं. माँटानाच्या त्या वाऱ्यावरच्या गावात हे काम करणारा माणूस एकच होता.

आणि त्या एकाला आपण एकटेच आहोत याचा भलताच अभिमान होता. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून ऑर्विलला कोणी काही विचारत नसे. घरात पडदे कोणते लावायचे याबद्दलसुद्धा त्याचं मत कोणी घेत नव्हतं. पण घरात जुनी बंदूक निघाली, की भलेभले या तळघराच्या पायऱ्या उतरून टोपी हातात घेऊन उभे राहत. त्यांच्यासमोर खुर्चीत मागे रेलून "बघू या," म्हणताना त्याला जे वाटे, तेवढ्यावर त्याचा आठवडा निघे. हे नसेल तर आपण औषधांच्या दुकानातल्या रांगेतला आणखी एक म्हातारा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," तो आता डार्लाला शिकवायच्या सुरात म्हणाला. "दोन बदलल्या, की कुणी काय बिघडवलं ते देवालाही कळत नाही."

"देव बंदुका ठेवतो का?"

"माँटानात राहत असेल तर ठेवतच असणार."

डायला एक बारीक भोक असतं. पुंगळी आत शिरताना कोंडलेली हवा आणि पुंगळीला लावलेलं जादा वंगण तिथून निसटतं. ते तुंबलं असेल म्हणून त्याने तारेने साफ केलं. पुढची पुंगळी चेपली. मग डाय पूर्ण उघडून धुतली, पुसली. चेपली. पितळ कडक झालं असेल म्हणून काही पुंगळ्यांच्या माना ज्योतीवर तापवून मऊ केल्या. त्याही चेपल्या. दुसऱ्या पिशवीतल्या पुंगळ्या घेतल्या, तर त्यांनीही तेच तोंड दाखवलं.

"वंगण जास्त होत असेल का?" डार्लाने भीत भीत विचारलं. "तुम्हीच मघाशी म्हणालात, जास्तीचं वंगण खांद्यापाशी अडकतं आणि पितळ चेपतं."

"चाळीस वर्षं लावतोय, बाई मी!" ऑर्विल उखडला. "चिमटीत घ्यायचं आणि असं फिरवायचं. बोटांना नुसतं जाणवलं पाहिजे. ते मला शिकवू नकोस."

पण तिचं बोलणं त्याला लागलं होतंच. पुढच्या पुंगळीवरचं वंगण त्याने फडक्याने पुसलं, पुन्हा चिमटीत फिरवून पाहिलं आणि प्रेसचा दांडा ओढला. पुंगळी अर्ध्यात करकरली आणि डायमध्ये घट्ट रुतून बसली. कोरडी होती. नवशिके करतात ती चूक. दांडा वर करताच तिचा बुडाचा काठ तुटून आला आणि पुंगळी आतच राहिली.

ऑर्विलने डाय काढली, रुतलेल्या पुंगळीच्या बुडाला भोक पाडून आटे कापले, त्यात स्क्रू पिळला आणि ती उपसून काढली. हे सगळं डोळ्यांनी बघून करायचं काम होतं आणि ते त्याने झकास केलं. डाय पुसताना मात्र डार्लाने त्याचा हात धरला.

"हे काय झालंय, ऑर्विल?"

तर्जनीच्या टोकाला मोठा फोड आला होता. फुटलेला.

"चुलीवरची कढई धरली असेन."

"असेन? कळलं नाही?"

"थंडीत बोटं सुन्न होतात. या वयात होतं तसं." त्याने हात सोडवून घेतला. पण तळघरात तर घर तापवणाऱ्या भट्टीची छान ऊब होती.

तो बोटांवर मोजू लागला. भोक साफ, डाय साफ, पितळ मऊ, पुंगळ्या दुसऱ्या. एकेक गोष्ट बदलून झाली होती. बदलायची राहिलेली एकच होती आणि ती मनगटाला जोडलेली होती.

"तू लाव," तो म्हणाला.

डार्लाने त्याने सांगितलं तसं वंगण चिमटीत घेतलं, पुंगळी फिरवली. त्याने दांडा ओढला. पुंगळी लोण्यातून गेल्यासारखी गेली आणि बाहेर आली ती खांद्यावर एक ओरखडाही न घेता. डार्ला आनंदाने ओरडणार होती, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसली.

"आता बंदुकीत घाल आणि मागचा बोल्ट सरकवून बंद कर," तो म्हणाला. "काय वाटतं?"

"शेवटी जरा अडतोय. दाबून लावावा लागतो."

त्याने बंदूक घेतली आणि तोच बोल्ट स्वतः लावून पाहिला. मग पुन्हा एकदा. "मला अगदी मोकळा लागतो," तो म्हणाला आणि त्याने बंदूक खाली ठेवली.

खरं काम तर इथेच होतं. डाय थोडी थोडी खाली घेत जायची आणि बोल्ट जरासा अडून बसला, की थांबायचं. ते अडणं हाताला कळलं नाही, तर माणूस डाय खाली घेतच राहतो आणि खांदा फार मागे जातो. मग बार उडताना पुंगळी ताणली जाते. बुडाशी फाटली, तर तप्त वायू थेट झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. ऑगस्टात त्याने मर्ल ऑस्बीला काडतुसांचं खोकं भरून दिलं होतं. मर्ल त्याचा शाळेपासूनचा मित्र. आणि हंगाम उद्या होता.

खांद्यावरचे खळगे लपवता आले असते. वंगणाला, पितळाला नावं ठेवता आली असती. मर्लचं खोकं काही सबब सांगून परत मागवता आलं असतं. हे सगळं फोनपर्यंत जाईतो त्याच्या मनात येऊन गेलं.

"मर्ल, ती मी दिलेली काडतुसं झाडू नकोस. एकही नाही. खोकं घे, बंदूक घे आणि इकडे ये."

"अरे लेका, मी गाडी भरलीये! अंधाराच्या आत तंबू ठोकायचाय."

"मी ती चुकीची बनवली असावीत."

"तू?" मर्ल म्हणाला. "येतो."

मर्ल शिकारीचं नारिंगी जाकीट घालूनच पायऱ्या उतरला. "माझं थोबाड वाचवायला बोलावलंस होय? त्यात आता बिघडायला काय उरलंय!" तो म्हणाला, पण कोणी हसलं नाही. ऑर्विलने एका काडतुसाची गोळी उपसली, आतली दारू ओतून काढली, चष्मा चढवून बुडाची ठिणगी देणारी टोपी हलकेच ढकलून काढली. रिकामी पुंगळी डार्लाच्या हातात दिली आणि बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून ती मर्लच्या बंदुकीत घालायला सांगितली. पुंगळी बरोबर असेल, तर पट्टीच्या जाडीनेच बोल्ट अडायला हवा.

"लागला," डार्ला म्हणाली. "सहज."

"आणखी एक लाव."

"लागला."

"आणखी एक."

तिने लावली. बोल्ट तिसऱ्या पट्टीवरही सहज बसला. खांदा फारच मागे गेला होता; आता कुणाला काही समजवायची गरज नव्हती. मर्लने जाकिटाची चेन उगाच खालीवर केली.

"एखादीच असेल," तो म्हणाला.

"सगळी तशीच असणार. एकाच दिवशी केलीत." ऑर्विल म्हणाला. "माझी बोटं गेलीत, मर्ल. मला कळतच नाही हातात काय आहे ते. आणि मी थंडी, वय करत बसलो. तुझं काही झालं असतं, तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

मर्लला असलं बोलणं झेपत नसे. त्याने घसा खाकरला, भिंतीकडे पाहिलं. "मी दुसरी बंदूक नेतो," तो म्हणाला. "आणि डॉक्टरला हात दाखव, गाढवा." जिन्याशी जाऊन तो वळला. "पण मग हिची काडतुसं? आमची कोण करणार आता?"

ऑर्विल खुर्चीतून उठला. "डार्ला, इथे बस."

"मी? मला काय येतं?"

"तुझ्या हाताला कळतं. बाकीचं मी सांगतो."

ती बसली. तो तिच्या बाजूला उभा राहिला आणि डाय किती फिरवायची, कधी थांबायचं ते सांगू लागला. तो एकदाही वाकून पुढे आला नाही, एकदाही दांड्याला हात लावला नाही. त्याला ते किती जड जात होतं हे डार्लाला दिसत होतं. म्हणून ती दर वेळी मुद्दाम विचारत राहिली, "बरोबर आहे ना?" आणि तो पुंगळी दिव्यापाशी धरून, नीट न्याहाळून, मगच मान हलवत होता. दुपारपर्यंत उद्यापुरत्या पुंगळ्या तयार झाल्या; त्यांत दारू-गोळी भरायचं काम जेवणानंतर होतं. मर्ल उगाचच थांबला होता. निघताना त्याने डार्लाला विचारलं, "पुढच्या महिन्यात माझी करशील?" ती ऑर्विलकडे बघू लागली. ऑर्विलने "करेल की," म्हटलं आणि तो रद्दीच्या डब्यातलं पितळ चाळायला लागला.

"जेवण वाढलंय!" वरून लव्हॉनने, त्याच्या बायकोने, हाक दिली. "की तिथेच राहतोस?"

"आलो," ऑर्विल म्हणाला. त्याने दोघांना पुढे जाऊ दिलं आणि दिवा मालवला. जिना चढू लागण्याआधी त्याने खाली पाहिलं, आपला हात कठड्यावर आहे की नाही हे डोळ्यांनी बघून घेतलं आणि मगच पहिली पायरी चढला.