फेब्रुवारीची बैठक

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी आईने माळ्यावरून कपांचं खोकं काढलं. पांढरे कप, कडेला बारीक निळी रेघ, बारा कप आणि बारा बशा. मी धुळ्याच्या शाळेत शिकवत होते आणि मुद्दाम त्या दिवसासाठी जळगावला आले होते. माझे वडील, अभिमन सुरवाडे सर, ओसरीवर बसून पत्र्याच्या पेटीतली चुंबकं आणि तारेची वेटोळी पुसत होते. मी त्यांना आप्पा म्हणायचे.

पदार्थविज्ञान परिषद ही देशभरच्या विज्ञान शिक्षकांची संस्था. तिची आमच्याकडची शाखा १९८१ साली निघाली तेव्हा सभासद बारा होते, आप्पा त्यांतले एक. कामाला मोबदला नव्हता. शनिवार-रविवार, कधी रजा काढून, एस.टी.ने असोद्याला, पहूरला, नरडाण्याला जायचं, शाळेच्या पटांगणात पेटी उघडायची आणि मुलांना प्रयोग करायला द्यायचे. शाखेचा एक नियम होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका सभासदाच्या घरी बैठक. बारा सभासद, बारा महिने. शाखा म्हणजे कुटुंब, असं चिटणीस महाजन सर नेहमी म्हणायचे.

आप्पांचा महिना फेब्रुवारी. पहिल्या वर्षी आईने हौसेने हे कप आणले. त्या वर्षी मुख्य कचेरीतून पाहुणे येणार म्हणून बैठक शाळेत झाली. दुसऱ्या वर्षी महाजनांकडे हळदीकुंकू होतं, मग सगळे तिकडेच जमले. तिसऱ्या वर्षी कारण काय होतं ते आता आठवत नाही. आई मात्र दर फेब्रुवारीत कप काढायची, धुवायची आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायची. दहा वर्षांत त्यांत चहा पडला नव्हता.

यंदा आप्पांनी स्वतः अकरा जणांना पोस्टकार्डं टाकली होती. घराचा पत्ता, वळणावरचा हातपंप, दारासमोरचं कडुनिंब, सगळं लिहिलं होतं.

"बारा कप शेतस. एकबी फुटेल नही," आई एकेक कप मोजून, तडा गेलाय का बघत म्हणाली. माहेर नरडाण्याकडचं, त्यामुळे घरात ती अहिराणीच बोलायची. "विशा, रुक्माबाईकडथीन खुर्च्या लई ये."

मी शेजारून खुर्च्या आणल्या. चहाचं आधण चुलीवर चढलं. साडेनऊला बोरसे सर स्कूटरवर आले. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, स्कूटर बंद न करताच बोलले.

"सुरवाडे सर, बैठक महाजनांकडे ठेवलीय. तुमची गल्ली जरा अरुंद, गाड्या लावायला जागा नाही. सगळ्यांच्या सोयीचं म्हणून..."

"बरं," आप्पा म्हणाले.

"वहिनींना त्रास नको, असंही सगळ्यांचं म्हणणं पडलं."

आई दाराशी उभी होती. हातात फडकं, फडक्यात कप. बोरसे सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्कूटर गेली आणि आप्पांनी चप्पल घातली.

"आते कसाले जातस तुमी?" आई कडाडली. "त्यासले गाडी लावाले जागा नही, आनि तुमले तोंड नही का बोलाले?"

"कला, उद्या पहूरला दोनशे पोरं वाट बघतील. मी आज भांडलो तर शाखा मोडेल. मग पेटी कोण नेणार?"

मी काही बोलले नाही. याआधीही कधी बोलले नव्हते.

सोमवारी पहूरला प्रयोग नीट झाले. काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा केला आणि पाणी पडलं नाही, तेव्हा पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. परत येताना बसथांब्यावर आप्पा पेटीवर बसले, आणि बस आली तेव्हा उठले नाहीत. हृदय थांबलं होतं.

आठव्या दिवशी महाजन सरांचं पत्र आलं. मार्चच्या पहिल्या रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा आणि आप्पांच्या नावाने विज्ञान पारितोषिक. मी उलटटपाली लिहिलं: "शोकसभा आमच्या घरी होईल. सकाळी दहाला. फेब्रुवारीची बैठक राहिली आहे ती. हे जमणार नसेल तर माझ्या वडिलांचं नाव कशालाच देऊ नये."

आईला पत्र वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "येतीन का त्या लोक?"

"नाही आले तर तेही कळेल."

अकरापैकी सात जण आले. गाड्या कडुनिंबाखाली सहज मावल्या. आई पांढरं पातळ नेसून आतून चहा घेऊन आली, निळ्या रेघेच्या कपांत. नरडाण्याच्या वना सरांनी कप घेतला आणि फुंकर घालून प्यायला लागले. दोघांनी त्यांच्याकडे पाहून घेतला. एकांना पित्त होतं. एक जण घरून नुकताच चहा घेऊन आले होते. बोरसे सरांनी कप हातात धरला, पण ओठांना लावला नाही. महाजन सरांनी खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला आणि ते बोलायला उभे राहिले.

बोलले चांगलं. आप्पांनी किती गावं पालथी घातली, किती मुलांच्या हाती भिंग दिलं. मग आवाज जरा ओला करून म्हणाले, "आणि साधेपणा किती! आमच्या घरी इतक्या बैठका झाल्या. चहा झाला की सुरवाडे सर स्वतःचा कप उचलायचे, मागच्या मोरीत जाऊन धुवायचे, दगडावर पालथा घालायचे. कुणी सांगायचं नाही, बोलायचं नाही. आम्हा सगळ्यांना हा धडाच होता!"

दोन-तीन माना हलल्या. आईने हातातली किटली खाली ठेवली.

मी उठले.

"सर, सांगितलं होतं."

"काय, बेटा?"

"कप धुवायला. पहिल्याच बैठकीत. मी आप्पांबरोबर तुमच्या घरी आले होते, बारा वर्षांची होते. तुमच्या घरच्या कुंदाकाकू दाराआडून म्हणाल्या, 'सर, तुमचा कप तेवढा विसळून बाहेर ठेवा.' तुम्ही तिथेच बसला होतात. तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटलंत."

बाहेर हातपंपाचा आवाज येत होता.

"बरोबर आहे तिचं," बोरसे सर खालच्या आवाजात म्हणाले. "मलाही ऐकू आलं होतं."

"अहो, जुन्या गोष्टी... आज दुःखाच्या प्रसंगी..." महाजन सर म्हणाले.

"आजच. त्या दिवशी परतताना मी आप्पांना विचारलं होतं, फक्त तुम्हीच का धुतला? ते म्हणाले, सवय आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. नंतर सगळं कळायला लागलं, तेव्हाही नाही. शाखा मोडेल म्हणून ते गप्प राहिले, आणि ते गप्प म्हणून मी. दर फेब्रुवारीत आई कप धुवायची ते मी बघत होते. म्हणून तुमच्याइतकीच चूक माझी आहे आणि ती मी आज सगळ्यांसमोर सांगते. माझ्या वडिलांत साधेपणा होता, पण तो कप त्यांनी साधेपणाने धुतला नाही. तुम्ही धुवायला लावला. त्यांच्या नावाचं पारितोषिक द्यायचं असेल तर प्रत्येक वर्षी ते याच घरात, या चहानंतर द्यायचं. नाहीतर त्यांची पेटी मी घेऊन जाते. वना सर येतील, बाकी कोणी आलं तर येईल. प्रयोग थांबणार नाहीत."

महाजन सर खाली बघत होते. जमिनीवरच्या कपात चहावर साय धरली होती.

वना सरांनी आपला रिकामा कप उचलला आणि मोरी कुठे म्हणून आत पाहिलं. मी तो त्यांच्या हातून घेतला.

"राहू द्या, सर. पाहुण्यांचे कप घरची माणसं धुतात."

मग मी महाजन सरांकडे वळले. "दहा वर्षं माझे वडील तुमच्याकडे पाहुणे होते."