मोहर फुटलेला नमुना

मी गमबूट बोलतोय. डाव्या पायाचा, नऊ नंबरचा. आमच्यातल्या बहुतेकांचं आयुष्य चिखलात जातं. माझं कपाटात गेलं. त्याबद्दल तक्रार नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

एका कारखान्यात गरम साच्यातून मी बाहेर पडलो. साचेवाल्याने मला उलटसुलट फिरवलं, कडेचं जादा रबर छाटलं आणि म्हणाला, "हा जाऊ दे वर. दिसायला बरा आहे." माझ्या तोंडावर आडवा दोरा बांधला, गाठीवर लाख ओतली, लाखेवर मोहर उठवली. कुणी मला बदलू नये, म्हणून. झालो मी सरकारी खरेदीचा नमुना. मी पसंत पडलो की हुबेहूब माझ्यासारखे हजारो बूट घ्यायचे होते.

मला पाठवलं खरेदी धोरण समन्वय परिषदेकडे. नाव लांबलचक, जागा दोन खोल्यांची. ही परिषद स्वतः टाचणीसुद्धा विकत घेत नसे. पाणीपुरवठा, रुग्णालयं, बांधकाम, नगरसफाई असा प्रत्येक विभाग आपापल्या मर्जीने खरेदी करायचा. एकाच्या बुटाला बोटभर जाड तळ, दुसऱ्याच्या बुटाला पुठ्ठ्यासारखा. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, सर्वांसाठी एकच नियम आणि एकच तपशीलपत्रक ठरवायचं, हे परिषदेचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मी कपाटाच्या काचेतून दीड वर्षं पाहत होतो. बुटाच्या उंचीवरच तीन बैठका झाल्या.

परिषदेच्या सचिवबाई मोजकं बोलायच्या. समोरचा बोलत असला की त्या पेन्सिलीला टोक काढत ऐकायच्या. कपाटाची किल्ली भांडारपालाकडे असे. त्याला सगळे 'नियमकाका' म्हणत, कारण कुठलंही कलम विचारा, काका झोपेतून उठूनही सांगतील. निवृत्तीला आठ महिने उरले होते. दर सोमवारी ते माझ्यावरची धूळ पुसत, पण लाखेला कापड लागू देत नसत. "मोहर फुटली की नमुना बाद," ते बजावत. "मग सगळी खरेदी पहिल्यापासून."

अखेर सगळे विभाग माझ्यावर राजी झाले. फक्त सह्या राहिल्या होत्या. त्याच आठवड्यात नगरसफाईकडून एका पत्राची प्रत आली. एक कामगार बाई नाल्यात काम करताना पडली होती, तळव्यात काच घुसली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : निष्काळजीपणा.

सचिवबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "पायात बूट होता म्हणतात. मग तळव्यात काच गेली कशी?"

"बूटच मागवून बघू," नियमकाका म्हणाले.

सह्यांच्या बैठकीला बूट आला, आणि बरोबर तो घालणारी बाईही आली. पन्नाशीची असेल. तिच्याबरोबरचे लोक तिला मावशी म्हणत, म्हणून तिथेही सगळे मावशीच म्हणू लागले. डाव्या पायाला पट्टी होती. खुर्चीच्या कडेवर बसून तिने पिशवीतून जुना बूट काढला, टेबलावर ठेवू की नको असं झालं, शेवटी मांडीवर घेतला. मग त्याच्या पुढच्या टोकातून एकेक चिंधी ओढून काढली. चादरीचा तुकडा, पायमोजा, लहान मुलाचं झबलं.

"आम्हाला सगळ्यांना नऊच नंबर येतो," ती म्हणाली. "माझा पाय पाच नंबरचा. बूट गाळात रुतला, पाय वर आला. पुढचं पाऊल उघडंच पडलं."

हिशेब विभागाचे साहेब म्हणाले, "नंबर कळवायचा होतात मावशी."

"कळवला की साहेब. मुकादम म्हणाले, सरकारात एकच नंबर असतो."

एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. कारण मुकादम खोटं बोलला नव्हता. नव्या तपशीलपत्रकातही लिहिलं होतं : नंबर नऊ. मोठा बूट सगळ्यांना होतो, हे त्यामागचं शहाणपण.

बांधकामवाले साहेब अडून बसले. "आज सह्या झाल्या तर पावसाआधी बूट हातात पडतील. नाहीतर चार महिने कुणालाच काही नाही. एका पायासाठी हजारो पाय ताटकळत ठेवायचे?" त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

सचिवबाईंची पेन्सिल थांबली. "हा नमुना आजवर कुणी पायात घालून पाहिलाय?"

कसा पाहणार? तोंडावर दोरा होता.

नियमकाका उठले. त्यांनी कपाटातून मला काढलं, टेबलावर ठेवलं, कागद घेऊन चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मग कात्रीने दोरा कापला. लाखेचे तुकडे टेबलावर पडले.

मावशीने पट्टीसकट पाय माझ्यात घातला. उबदार होता. बूट असूनही हे मला तोवर ठाऊक नव्हतं. टाचेमागे चार बोटं मावतील इतकी जागा उरली. ती एक पाऊल चालली, दुसरं चालली. तिसऱ्या पावलाला मी जागेवरच राहिलो आणि ती पुढे गेली. टेबल धरलं म्हणून पडली नाही.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत.

तपशीलपत्रक नव्याने लिहिलं गेलं : चार ते अकरा नंबर, विभागाने कामगारांच्या पायांची मापं कळवायची, आणि ज्यांनी घालायचे त्यांनी चालून पाहिल्याशिवाय नमुना मान्य नाही. यासाठी चार नव्हे, पाच महिने गेले. त्या पावसाळ्यात पाणीपुरवठ्याचा एक माणूस फाटक्या बुटांत काम करून पाय चिघळून घरी बसला. त्या विभागाने परिषदेला खरमरीत पत्र पाठवलं. सचिवबाईंनी ते तपशीलपत्रकाच्या नस्तीतच लावून ठेवलं.

नियमकाकांकडून खुलासा मागवला गेला. निवृत्तीचे कागद अडकले. सचिवबाई म्हणाल्या, "काका, मी सांगितलं म्हणून कापला, असं लिहा."

"तुम्ही कुठं सांगितलंत? मला कलम पाठ होतं, मॅडम. दुसऱ्या कुणी कापला असता तर बिचारा न कळून फसला असता."

नवे बूट आले तेव्हा मावशी भांडारात आली. पाय पुरता बरा झाला नव्हता. तिला आता इमारतीतले जिने झाडायचं काम दिलं होतं. तिने पाच नंबरची जोडी घातली, दारापर्यंत जाऊन आली, खाली वाकून बोटांनी टोक दाबून पाहिलं. मग काढून परत ठेवली. "झकास आहे. पण जिन्यावर याचं काय काम? नाल्यावर नवी पोरगी आलीय, बारीक पायाची. तिला द्या."

काका निवृत्त झाले, सचिवबाईंची बदली झाली. मी बाद नमुना म्हणून दाराला टेकण लावायच्या कामी आलो. आता कार्यालय नव्या जागी चाललंय. टाकायच्या वस्तूंची यादी बनवणारा कारकून सकाळीच माझ्यापाशी येऊन गेला. घाईत होता, पण अक्षर सुरेख. त्याने लिहिलंय : गमबूट, डावा, एक नग. वापर : कधीच नाही.

बाळा, मला न्यायला माझी काही हरकत नाही. तेवढी शेवटची ओळ खोड.