पाणवठ्याची चौकशी

लेकीला देतानी गं, नको माडीला भुलू बाई,
आधी इचार पाणोठ्याला, पाणी गोड हाय का न्हाई.

संगीताच्या आईच्या जात्यावरची ही ओवी. मुलगी द्यायची तर सोयऱ्यांच्या घरी नंतर जावं, आधी त्यांच्या गावच्या पाणवठ्यावर बसावं. हंडा भरेस्तोवर बाया जे बोलून जातात, ते घरचे सात जन्मात सांगत नाहीत.

या खेपेला संगीतानं मनाशी घेतलं, मतही असंच द्यायचं.

संगीताच्या वाडीच्या डोक्यावर कातळाखाली एकच झरा. वैशाखातही न आटणारा. त्याच्या वरचं पठार हनुमंतशेटनं बंगल्यांच्या प्लॉटिंगला घेतलं होतं, आणि आता जिल्हा परिषदेला तोच उभा होता. "झऱ्याला बोट लावणार न्हाई," तो म्हणाला. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या लीलाबाईही तेच म्हणाल्या. दोन तोंडं, बोलणं एक. पठारावर बोअर पडल्या तर वाडीला चूल उचलावी लागणार होती. मग खरं कुणाचं धरायचं?

लोणावळ्याला ज्या बंगल्यावर संगीता स्वयंपाक करी, तिथं कार्ल्याची शकुबाई भांड्यांना यायची.

"मावशी, येता का संगं? भाचीला स्थळ बघतोय म्हणू."

"माझ्या लेकीच्या येळी येवढी चौकशी केली असती," शकुबाई म्हणाली, "तर जावई तरी बरा गावला असता."

आधी लीलाबाईंच्या गावी गेल्या. नळावर बसून संगीतानं विषय काढला, "लीलाबाईच्या भावकीत पोर द्यावी म्हणतो." बाया तुटूनच पडल्या.

"ती? लय तोंडाळ. सरपंच व्हती तवा कुणाला दारात उभं केलं न्हाई."

"आमच्या आळीचा रस्ता अजून तसाच हाय."

"आन भाऊ बाटलीतला."

"पाणी?" संगीतानं विचारलं.

"पाणी येतं बाई रोज. त्याला न्हाई कशाला म्हनू?"

वाटेवर शकुबाई म्हणाली, "शिव्या पोटभर दिल्या. पर आवाज कुणी खाली केला न्हाई."

हनुमंतशेटचं गाव टाकव्याच्या पलीकडं, आडवाटेला. तिथं पाणवठ्यावर पाणीच नव्हतं. विहिरीच्या तळाला चिखल तडकला होता, कडेला टँकरची वाट बघत निळी पिंपं उभी होती. वरच्या अंगाला शेटनंच बांधलेले बंगले, आणि त्यांच्या हिरवळीवर फवारे भिरभिरत होते.

"शेटच्या घरी पोर द्यायची म्हणतो," संगीता म्हणाली.

"लय देवमाणूस," पहिली बाई म्हणाली.

"लय देवमाणूस," दुसरी.

तिसरीनं आधी रस्त्याकडं बघितलं, मग म्हणाली, "लय देवमाणूस."

एक म्हातारी रिकामा हंडा उचलून निघाली. जाता जाता हळू बोलली, "द्या की पोर. फकस्त पाणी संगं पाठवा." मग दोन पावलांवर थांबली. "आन मी काय बोलले न्हाई."

दोघी उठल्या तेव्हा पहिल्या बाईच्या कानाला फोन होता.

वाडीचा चढ लागला, तशी समोरून पांढरी गाडी उतरत आली. काच खाली झाली. हनुमंतशेट हसत होता.

"वहिनी, आमच्या गावात स्थळ बघाया गेलतात म्हणं. कुणाला? तुमच्या घरात तर पिंकीच हाय. अजून दुधाचे दात पडायचेत तिचे."

सोयरिकीचं सोंग संगीतानं घेतलं खरं, पण ते घेताना घरातली पोर कोण, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सासूबाईंला इचारा," तो म्हणाला. "समदं ठरवून आलोय."

दारात तिची लेक पिंकी बसली होती. तिच्या केसांवर पिवळ्या हाताचा ठसा होता. मागं खांबाला टेकून सासू, भागूबाई. शेटची माणसं ताटात बेल आणि भंडारा घेऊन आली होती. घरातली सगळी मतं शेटला, असा शब्द त्यांनी घरोघर उचलायला लावला होता, एक हात भंडाऱ्यात आणि दुसरा नातवंडाच्या डोक्यावर. बेलभंडारा उचलून मोडलेला शब्द घर खातो, हे वाडीत शेंबडं पोरही जाणतं.

"आमी न्हाई मानत भंडारा," शकुबाई म्हणाली. "त्योबी मानत नसंल. तुमी मानता, तेवढं त्याला पुरतंय."

भागूबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. सुनेला विचारलं, "पाणी हाय का त्याच्या गावाला?"

"व्हता."

म्हातारी उठली. झऱ्याचा हंडा भरून आणला. पिंकीला परातीत बसवून तिच्या केसांवर पाणी सोडलं. पिवळं पाणी ओंजळीत धरलं आणि पिऊन टाकलं. पुन्हा धरलं, पुन्हा प्याली. केस काळे होईपर्यंत.

"आत्याबाई, हे काय करता?"

"शबूद माझ्या तोंडानं गेलता, माझ्याच तोंडानं आत घेतला. आता काय खायाचं ते मला खाईल. पोरीला न्हाई."

मतदानाला संगीताचा नवरा नवशा आला नाही. नवलाख उंबरे गावच्या कंपनीत ठेकेदारानं सुट्टी दिली नव्हती. सासूसुना दोघीच शाळेकडं गेल्या. वळणावर शेटचा माणूस जाईल त्याच्या कपाळाला भंडारा लावत होता.

"ध्यानात हाय ना, आजी?"

"हाय की," भागूबाई म्हणाली. "म्हातारीला दुसरं काय काम?"

आडोशामागं मशीन दोनदा लांब ओरडलं, एकदा सासूसाठी, एकदा सुनेसाठी.

मोजणी झाली. शेट निवडून आला. वाडीचं मशीन वेगळं उघडतं, त्याचा आकडाही वाचून दाखवला: लीलाबाईंना दोन. बाकी सगळी शेटला. वाडीनं शब्द पाळला होता. ती दोन कुणाची, हे कुणी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत शेजारची दारं मात्र एकेक करून लागत गेली.

भागूबाईला सकाळपासून घास उतरत नव्हता. ती उंबऱ्यावर बसून राहिली. खाली चढाला पांढरी गाडी लागली होती, गुलालानं माखलेली, आणि तिच्यात कुणी वाजवत-नाचत नव्हतं.

"पोर निजली?"

"निजली."

"मग दार लावू नगंस," भागूबाई म्हणाली. "येणाऱ्याला पहिली मी दिसू दे."

गाडी दारापुढं थांबली. मग वरून झऱ्याचं पाणी तेवढं ऐकू येऊ लागलं.