तक्त्यावरचं बाळ

ताहेरानं लेकीला, सिदराला, दवाखान्यातल्या टेबलावर बसवलं आणि तिचं झबलं मानेपर्यंत वर ओढलं.

"सिस्टर, हात लावून बघा."

"बघतेय ना," असं म्हणत श्रद्धा सिस्टरनं पाहिलं ते भिंतीकडं. तिथं गोवराचा तक्ता होता. मजकूर मराठी, हिंदी, उर्दू, बंगाली अशा चार भाषांत. कुरुळीतल्या कामगारांच्या खोल्यांतल्या एकालाही परकं वाटू नये म्हणून. चित्रातलं बाळ मात्र एकच. गोरंपान, पाठभर लाल ठिपके. तिनं ती पाठ पाहिली आणि मग दीड वर्षाच्या सिदराची काळीभोर पाठ.

"लाल कुठंय? पत्र्याच्या खोलीत राहता, घामोळं आलंय. लोशन देते."

"ताप चार दिसांचा हाय. डोळे बघा कसे झालेत! अन् घामोळं कानामागून सुरू होतं व्हय?"

"ताहेरा, बाहेर रांग आहे गं."

"असू द्या. मी न्हाई उठणार."

ताहेराचा पाय सारखा हलत होता. बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता, पोरगी खोकत होती, आणि श्रद्धाला आता खरंच राग आला होता. पंधरा वर्षांची नोकरी, आणि ही गॅरेजवाल्याची बायको आपल्याला शिकवणार! तरी तिनं सिदराच्या कानामागं हातमोज्यातलं बोट फिरवलं.

"मोजा काढून," ताहेरा म्हणाली.

श्रद्धानं हातमोजा काढला. उघडं बोट कानामागं टेकलं, गालावर आलं, मानेवरून पाठीवर उतरलं. कातडीखाली रवा पसरावा तसं सगळीकडं हाताला लागत होतं. डोळ्यांना अजूनही काहीच दिसत नव्हतं. तिनं टॉर्च घेऊन पोरीचा गाल आतून पाहिला. आत पांढरे बारीक ठिपके होते, गोवराचेच.

तिनं सिदराला जीवनसत्त्वाचा डोस पाजला, डॉक्टरांना फोन लावला, नमुना घ्यायला माणूस मागवला. मग एकदम विचारलं,

"तुझ्या शेजारची कस्तुरा. तिचा मुलगा कसाय?"

"मोठ्या दवाखान्यात हाय कालपासून. श्वास लागलाय त्याला."

कस्तुरा त्याला घेऊन गेल्या गुरुवारी आली होती. श्रद्धानं रजिस्टर उघडलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "घामोळं, लोशन दिलं." नऊ वेळा, तिच्याच वळणदार अक्षरात. पत्ता प्रत्येकाचा त्याच पत्र्याच्या खोल्यांचा.

तिनं खुर्चीवर चढून तक्ता उतरवला, गुंडाळला आणि कपाटामागं सारला. पिशवीत औषधं भरली. हातमोज्यांचा डबा उचलला आणि परत टेबलावर ठेवला.

"डॉक्टर येतायत, तोवर सिदराला घेऊन इथंच बस. मी निघते. आधी कुणाच्या घरी जाऊ?"

ताहेरानं झबलं खाली ओढलं. पहिल्यांदाच तिचा पाय थांबला होता.

"ज्यांना तुमी माघारी धाडलं," ती म्हणाली, "त्यांच्या."