न वाजलेली घंटा

मला पाहून शाळेची घंटा समजू नका, मित्रांनो. मी जुनी आहे, जेमतेम वीतभर उंचीची आहे, काठाचा एक टवकाही उडालेला आहे. पण माझा मान मोठा! निम्मे जग ज्या देशाकडे डोळे लावून बसते, त्या देशाच्या सभागृहात, थेट सभापतींच्या मेजावर मी राहते.

एका ओताऱ्याने तांबे आणि कथील वितळवून मला घडवले. माझा पहिला ठोका ऐकून तो म्हणाला, "हिचा आवाज भिंतीपलीकडे जाणार!" आणि तो गेलाच. सभागृहाचा नियमच होता: मी वाजले की बैठक सुरू, पुन्हा वाजले की बैठक संपली. एकमेकांवर धावून जाणारे पुढारी माझा ठोका पडताच कागद गोळा करून मुकाट घरी जात. मी जरा शेफारलेच होते म्हणा ना!

मग माइक आले, लाल-हिरवे दिवे आले. मी नियमापुरती उरले. कोणी माझ्यावर चष्मा अडकवी, कोणी माझ्याखाली कागद दाबून ठेवी. मनाला फार लागे. फक्त मावशी मला विसरल्या नाहीत. मावशी म्हणजे सभागृहातल्या शिपाईबाई. रोज सकाळी पिवळ्या फडक्याने मला पुसत आणि म्हणत, "काय गं बडबडे, आज किती बोलणार?"

आता त्या दिवसाची गोष्ट ऐका. देशाच्या सर्वोच्च नेत्यांची मुदत संपत आली होती. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांना खुर्ची काही सोडवेना, आणि त्यांच्याच पक्षातले निम्मे लोक त्यांच्यावर उलटले होते. साहेबांनी जावे की राहावे, यावर दुपारी मतदान सुरू झाले. एकेक नाव पुकारले जाऊ लागले आणि अर्ध्यातच कळून चुकले, साहेबांचे काही खरे नाही.

पण साहेबांना एक पळवाट ठाऊक होती. बैठक चालू असेल तोवर सभागृह श्रेष्ठ; बैठक संपली की साहेबांची सही हाच कायदा. आणि घंटा कोणी वाजवायची, हे लिहायला नियम करणारे शहाणे विसरले होते! कोणीही वाजवो, ती ऐकू आली की बैठक संपली.

साहेबांनी आपल्या रक्षकांच्या नायकाला धाडले. तो दारात दिसताच मावशींनी ओळखले. तो त्यांचा जावई होता. त्याची नजर माझ्यावर खिळलेली पाहून त्या काय ते समजल्या. त्यांनी मला उचलले, पिवळे फडके माझ्या पोटात कोंबले आणि त्याची टोके लोलकाभोवती करकचून बांधली.

"आई, घंटा द्या," तो हळूच म्हणाला.

"जावईबापू, घरी हवं ते मागा, देते. ही माझी नाही."

"माझी नोकरी जाईल हो!"

"माझीही जाईल. मग दोघं मिळून भांडी घासू."

त्याने मला हिसकावले आणि हात उंच करून हलवले. खरे सांगते मित्रांनो, माझे अंग नुसते शिवशिवत होते. जन्मभर मी वाजण्यासाठीच जगले. गप्प कसे राहायचे, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. तरी मी जीव खाऊन फडके धरून ठेवले. आवाज आला, "ठप्!"

"लिहा, घंटा वाजली!" साहेबांच्या बाजूचा एकजण ओरडला.

सभागृहाचा वृत्तान्त लिहिणाऱ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी कानांनी ऐकते ते लिहिते. 'ठप्' म्हणजे घंटा नव्हे."

सभागृहात हशा पिकला. सभापती सकाळपासून नुसते घाम पुसत होते. त्या हशाने त्यांना धीर आला आणि ते गरजले, "पुढचं नाव!"

नावे पुकारली जात होती आणि जावई गाठ सोडत होता. पण मावशींची गाठ ती! त्याचे नख मोडले, गाठ ढिली झाली नाही. शेवटचे मत पडले आणि साहेब अकरा मतांनी हरले. तेव्हा त्यानेच मला मावशींच्या हाती दिले आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, आता तुम्हीच सोडा."

मावशींनी फडके ओढून काढले. सभापतींनी मला दोन्ही हातांनी वाजवले. काय सांगू तो ठोका! भिंतीपलीकडे, रस्त्यावर उभ्या माणसांपर्यंत तो गेला आणि तिथून असा जयघोष उठला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साहेब मागच्या दाराने निघून गेले.

नोकरी कोणाचीच गेली नाही. भांडी मात्र त्या रविवारी जावईबापूंनी घासली, असे मावशी मला पुसताना सांगत होत्या. आता माझ्यावर कोणी चष्मा अडकवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका, त्यांना जपा. आणि माझ्या शेजारी ते पिवळे फडकेही धुऊन, घडी घालून ठेवा. भलता हात माझ्याकडे आला, तर मला गप्प करणारे माणूसही जवळ हवे.